द्राक्षपेटीतील ग्रेप गार्ड : वापर, मर्यादा आणि दक्षता

धूळ, ओल आणि हाताळणी यांपासून अन्नाला वाचवणारे आवरण एवढाच वेष्टनाचा अर्थ आता उरलेला नाही. ज्या वेष्टनातील एखादा घटक आतल्या हवेतून काही शोषून घेतो, किंवा आतल्या हवेत अथवा अन्नाच्या पृष्ठभागावर काही सोडतो, आणि त्यायोगे अन्न अधिक काळ टिकवतो, त्या वेष्टनाला सक्रिय वेष्टन म्हणतात. जपानमधील मित्सुबिशी गॅस केमिकल या कंपनीने १९७७ मध्ये लोहचूर्णाच्या साहाय्याने प्राणवायू शोषून घेणारी पुडी बाजारात आणली, तेव्हापासून या कल्पनेला व्यापारी रूप आले. याच कुळातील जे वेष्टन बुरशी किंवा जिवाणू यांना मारते अथवा त्यांची वाढ रोखते, ते सूक्ष्मजीवरोधक सक्रिय वेष्टन होय. महाराष्ट्रात त्याचा सर्वांत रुळलेला वापर नाशिक, सांगली, पुणे व सोलापूर जिल्ह्यांतील द्राक्ष पॅकहाउसमध्ये होतो. निर्यातीच्या पेटीत घडांवर पसरला जाणारा जो पातळ, खणाखणांचा कागद बागायतदार ‘ग्रेप गार्ड’ या नावाने ओळखतात, तो गंधकाचा वायू सोडणारा सूक्ष्मजीवरोधक कागद आहे. तो पेटीत टाकला की काम झाले, असे मानून केलेल्या वापरामुळे दरवर्षी चांगला माल खराब होतो. म्हणून त्याचे कार्य, त्याला लागणारी परिस्थिती आणि त्याच्या मर्यादा यांची नीट ओळख प्रत्येक बागायतदाराला व पॅकहाउस चालवणाऱ्याला असणे आवश्यक आहे.

सूक्ष्मजीवरोधक वेष्टने दोन प्रकारे काम करतात. पहिल्या प्रकारात औषधी द्रव्य प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यातच मिसळलेले किंवा त्यावर लेपलेले असते आणि पापुद्रा जेथे अन्नाला टेकतो तेथेच त्याचा परिणाम होतो. नायसिन हे जिवाणूंपासून मिळणारे प्रथिन, चांदीचे आयन किंवा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेले कायटोसान यांचा वापर या पद्धतीने केला जातो. चीजच्या कापासारख्या सपाट पृष्ठभागाला हा प्रकार मानवतो. द्राक्षाच्या घडात मात्र मण्यांच्या फटी, देठांचे कोन आणि एकमेकांवर दाबलेले पृष्ठभाग इतके असतात की कोणताही पापुद्रा सर्वत्र पोहोचू शकत नाही, आणि बुरशी नेमकी त्या फटींमध्येच सुरू होते. म्हणून येथे दुसरा प्रकार, म्हणजे पेटीच्या हवेत पसरून कानाकोपऱ्यात शिरणारा वायू सोडणारे वेष्टन, उपयोगी पडतो.

द्राक्षावरचा हा शत्रू म्हणजे बोट्रायटिस सिनेरिया या बुरशीमुळे होणारी करडी कूज. इतर अनेक बुरशा थंडीत निपचित पडतात. ही बुरशी शून्य अंश सेल्सिअसच्या आसपासही, जरी संथपणे, वाढतच राहते. लागण झालेल्या मण्याची साल प्रथम बोट लावताच सरकते, मग मणी तपकिरी होतो, त्यातून बुरशीचे तंतू शेजारच्या मण्यांवर जातात आणि काही आठवड्यांत एका मण्याच्या जागी कुजक्या मण्यांचा पुंजका तयार होतो. सागरी प्रवासात हा पुंजका दिसत नाही, पेटी उघडल्यावरच दिसतो, आणि तोवर त्या पेटीचा दर गेलेला असतो. केवळ थंडीच्या जोरावर द्राक्षे महिनाभर सुरक्षित नेता येत नाहीत, याचे कारण या बुरशीच्या स्वभावात आहे.

गंधकाच्या वायूचा, म्हणजे सल्फर डायऑक्साइडचा, द्राक्षांसाठी उपयोग नवा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विंकलर व जेकब यांनी द्राक्षांच्या विक्रीव्यवस्थेत या वायूच्या वापरावरील आपले संशोधन १९२५ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यानंतर तेथील शीतगृहांत द्राक्षांना ठरावीक दिवसांनी या वायूची धुरी देण्याची पद्धत रूढ झाली. मात्र धुरी शीतगृहातच देता येते. बोटीवरच्या कंटेनरमध्ये आठवडेच्या आठवडे बंद असलेल्या पेटीला ती देणार कोण, या अडचणीतून पेटीतच वायू निर्माण करणारा कागद पुढे आला. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट या क्षाराची भुकटी कागद व प्लॅस्टिक यांच्या थरांमध्ये बारीक खणांत बंद केलेली असते. द्राक्षे श्वसन करतात आणि त्यांच्यातून पाण्याची वाफ बाहेर पडते. ही वाफ कागदातून आत शिरली की क्षाराशी तिची क्रिया होऊन सल्फर डायऑक्साइड मुक्त होतो. हा वायू बुरशीच्या पेशीत शिरून तिच्या विकरांचे, म्हणजे जीवनक्रिया चालवणाऱ्या प्रथिनांचे, काम बिघडवतो. त्याशिवाय देठ हिरवे ठेवण्यासही त्याची मदत होते, आणि परदेशी ग्राहक ताजेपणाची पारख देठावरूनच करतो हे निर्यातदारांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

निर्यातीसाठी वापरले जाणारे बहुतेक कागद दुहेरी गतीचे असतात. त्यांतील एक भाग पहिल्या एक-दोन दिवसांत पुरेसा वायू सोडून मण्यांच्या पृष्ठभागावर बागेतून आलेले बीजाणू मारतो, आणि दुसरा भाग, ज्यातील भुकटी वाफेला अधिक अडवणाऱ्या थरामागे असते, तो पुढे कित्येक आठवडे अगदी थोडा वायू सोडत राहून एका मण्यातून दुसऱ्या मण्यात होणारा प्रसार रोखतो. या दोन्ही कामांत वायूचे प्रमाण आणि त्याच्या सहवासाचा काळ यांचा गुणाकार महत्त्वाचा ठरतो. शून्य अंशाला बोट्रायटिसचे बीजाणू व तंतू मारण्यासाठी हवेच्या दशलक्ष भागांत १०० भाग वायू एक तास, किंवा त्याच हिशेबाने ५० भाग दोन तास, एवढी मात्रा लागते असे कॅलिफोर्नियातील संशोधनातून दिसून आले. याहून फार कमी वायू मिळाला तर बुरशी जगते, आणि फार अधिक मिळाला तर मणी भाजल्यासारखा पांढरा पडतो. या दोन टोकांमधली वाट अरुंद आहे. तीवर राहायचे की नाही, हे कागदापेक्षा पॅकहाउसमधील तापमान व ओल यांवर अधिक ठरते, आणि या लेखातील पुढच्या जवळजवळ सर्व सूचना त्याच एका गोष्टीभोवती फिरतात.

सर्वप्रथम लक्षात घ्यावयाची मर्यादा अशी की हा वायू मुख्यतः पृष्ठभागावर काम करतो. फुलोऱ्याच्या काळात किंवा पावसानंतर बुरशी मण्याच्या आत शिरून बसली असेल तर पेटीतील कागद तिला बाहेर काढू शकत नाही. तो फक्त तिचा शेजाऱ्यांकडे होणारा प्रसार मंदावतो. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला आणि मण्यांना बारीक चिरा गेल्या, तर हानी दुहेरी होते, कारण चिरेतून बुरशीही आत जाते आणि वायूही, आणि अशा मण्यांत डाग व अवशेष दोन्ही वाढतात. तुटलेला, गळालेला किंवा देठाच्या टोकाशी सैल झालेला मणी हीच वायूला आत शिरण्याची मोकळी जागा असते. म्हणून विरळणी व निवड करणाऱ्या मजुरांना चिरलेले, मऊ व सैल मणी कात्रीने काढण्यास जो वेळ लागतो तो वाया जाणारा वेळ समजू नये. पावसात भिजलेल्या बागेतील माल लांबच्या सागरी प्रवासासाठी निवडू नये, आणि त्यात जास्तीचा कागद घालून भरपाई करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. द्राक्षे सकाळी, उष्णता वाढण्यापूर्वी, पण दव पूर्ण वाळल्यानंतर काढावीत आणि मण्यावरील पांढुरका मेणाचा थर पुसला जाणार नाही अशा रीतीने घड देठाला धरूनच हाताळावा.

पेटी भरण्याच्या क्रमात सर्वाधिक चुका होतात, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे योग्य होईल. निर्यातीची पेटी सामान्यतः पन्हळी पुठ्ठ्याची असून तिच्यात प्रथम पॉलिथिनचा लायनर, म्हणजे पेटीला आतून अस्तर होणारी मोठी पिशवी, आणि तळाशी घडांना धक्का बसू नये म्हणून बबल शीट घालतात. मग पाऊच किंवा पनेटमध्ये घड भरले जातात. या टप्प्यावर लायनर उघडा ठेवून पेट्या प्रीकूलिंगच्या खोलीत न्याव्यात. प्रीकूलिंग म्हणजे दाबाने खेचलेली थंड हवा पेट्यांच्या छिद्रांतून वाहवून मालातील शेतावरची उष्णता लवकर काढून टाकणे. साधारण सहा ते आठ तासांत मण्याच्या गराचे तापमान चार अंशांच्या खाली यावयास हवे, आणि ते खोलीच्या भिंतीवरील आकड्यावरून न ठरवता मण्यात खुपसलेल्या तापमापकाने, ढिगाच्या मधल्या पेटीत, तपासावे. गर थंड झाल्यानंतरच घडांवर ओल टिपणारा कागद, त्यावर ग्रेप गार्ड, त्याची कोणती बाजू फळाकडे असावी याविषयी उत्पादकाने छापलेल्या सूचनेप्रमाणे, पसरावा, आणि मग लायनरची घडी घालून पेटी बंद करावी. त्यानंतर पेट्या उणे अर्धा ते शून्य अंश तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता असलेल्या शीतगृहात जाव्यात.

हा क्रम उलटा केला, म्हणजे उबदार द्राक्षांवरच कागद टाकून लायनर बंद केला आणि मग पेटी थंड केली, तर काय घडते ते समजून घेतल्यास सूचनेचे महत्त्व पटेल. उबदार मण्यातून वाफ भरपूर बाहेर पडते, ती थंड होत जाणाऱ्या लायनरच्या आतल्या बाजूस थेंबांच्या रूपाने साचते, थेंब कागदावर ओघळतात आणि आठवडेच्या आठवडे पुरावयाची भुकटी काही तासांतच वायू होऊन संपते. वरच्या थरातील मणी पांढरे पडतात, आणि प्रवासाच्या उत्तरार्धात, जेव्हा संरक्षणाची खरी गरज असते, तेव्हा कागद रिकामा झालेला असतो. एकाच पेटीत वर डाग आणि खाली कूज असे जे विचित्र वाटणारे चित्र दिसते, त्याचे कारण बहुधा हेच असते. ओल टिपणारा कागद स्वस्त असूनही अनेक ठिकाणी बचतीच्या नावाखाली गाळला जातो. ही बचत करू नये.

लायनरच्या छिद्रांचा प्रश्नही याच हिशेबाचा आहे. छिद्रे असली की माल लवकर थंड होतो व पाणी साचत नाही, पण वायू आणि ओल दोन्ही बाहेर निसटतात. छिद्रे नसली की वायू टिकतो, पण थोड्याशा तापमानबदलानेही आत पाऊस पडतो. अगदी बारीक व मोजकी छिद्रे असलेला लायनर हा यातला मध्यम मार्ग आहे. कागद आणि लायनर ही एकमेकांशी जुळवून निवडावयाची जोडी असल्यामुळे एका हंगामात कागद बदलताना लायनरही त्याच्याच शिफारशीप्रमाणे आहे ना, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. कागदाचे माप पेटीच्या मापाप्रमाणेच असावे. मोठ्या पेटीचा कागद कापून छोट्या पेटीत घालू नये, कारण कापलेल्या कडेतील खण उघडे पडतात आणि भुकटी थेट मण्यांवर सांडते. न वापरलेले कागद मूळ हवाबंद वेष्टनात, कोरड्या जागी ठेवावेत, दिवसभरात लागतील तेवढेच काढावेत, आणि उघडे राहून ओल धरलेले कागद टाकून द्यावेत. बंद खोलीत शेकडो पेट्यांवर कागद पसरणाऱ्या कामगारांच्या डोळ्यांना व श्वासाला हा वायू झोंबतो, तेव्हा तेथे हवा खेळती ठेवणे, हातमोजे देणे आणि दमा असलेल्या व्यक्तीला त्या कामावर न ठेवणे ही पॅकहाउसची जबाबदारी आहे. हा वायू ओलीत विरघळून आम्ल बनतो व धातू गंजवतो, ही बाब शीतगृहाच्या देखभालीतही ध्यानात ठेवावी.

प्रवासाचा कालावधी हा निवडीचा दुसरा मोठा आधार आहे. न्हावाशेवा बंदरातून सुएझ कालव्यामार्गे रॉटरडॅमपर्यंत जाण्यास पूर्वी साधारण तीन ते चार आठवडे धरले जात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली आणि या प्रवासात दीड-दोन आठवड्यांची भर पडली. मार्ग पुढेही असा बदलू शकतो, म्हणून संथ गतीचा भाग किती काळ पुरतो याची चौकशी करताना समुद्रातील दिवसांत शीतगृहातील मुक्काम, बंदरातील खोळंबा आणि तेथील दुकानापर्यंतचे दिवस मिळवूनच हिशेब करावा. याउलट थंडीची सोय नसलेल्या ट्रकमधून दिल्ली, कोलकाता किंवा बांगलादेशाकडे जाणाऱ्या मालात हा कागद घालण्याचा मोह टाळावा. मार्च-एप्रिलच्या उन्हात वायू भसाभस सुटतो आणि द्राक्षे पोहोचण्यापूर्वीच डागाळतात. त्या मार्गावर काढणी, निवड व वेग यांवर केलेला खर्च अधिक फळ देतो.

परदेशातून छायाचित्रांसह तक्रार आली की दोष कागदावर ढकलणे सोपे असते, पण पेटी नीट वाचली तर साखळीतील कोणता दुवा तुटला ते बरेचसे कळते. देठाजवळ आणि चिरांभोवती खोलगट, फिकट डाग, तेही वरच्या थरात अधिक, असतील तर वायू एकदम सुटला आहे, म्हणजे प्रीकूलिंग अपुरे झाले किंवा वाटेत तापमान वाढून पाणी साचले. काळ्या द्राक्षांत हे डाग लगेच डोळ्यांत भरतात, पांढऱ्या द्राक्षांत ते उजेडात फिरवून पाहावे लागतात. कुजक्या मण्यांचे पुंजके पेटीच्या एकाच भागात असतील तर कागद तेथपर्यंत पसरलेला नव्हता किंवा तेथील पाऊचमधून वायू आत जाण्यास वाव नव्हता, आणि कूज सर्वत्र विखुरलेली असेल तर संशय बागेतील लागणीवर घ्यावा. देठ सुकून तपकिरी झाले असतील पण कूज नसेल, तर माल काढणीनंतर प्रीकूलिंगपूर्वी फार वेळ बाहेर राहिला असावा. हे निदान पक्के करण्यासाठी प्रत्येक कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारे यंत्र ठेवावे, आणि प्रत्येक खेपेतील दोन-तीन पेट्या आपल्याच शीतगृहात मागे ठेवून कंटेनर पोहोचण्याच्या सुमारास उघडाव्यात. मागे ठेवलेली पेटी निर्दोष आणि पोहोचलेली पेटी डागाळलेली निघाली, तर दोष वाहतुकीत आहे हे सप्रमाण मांडता येते.

अवशेषांच्या बाबतीत कोणतीही ढिलाई परवडणारी नाही. ताज्या द्राक्षांतील सल्फाइटची मर्यादा युरोपीय संघात व अमेरिकेत किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. काही दमेकऱ्यांना सल्फाइटमुळे श्वासाचा तीव्र त्रास होऊ शकतो, म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८६ मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्या-फळांवर सल्फाइट वापरण्यास बंदी घातली. द्राक्षांवरील वायूचे नियमन मात्र तेथे कीडनाशकासारखे, अवशेषमर्यादा ठरवून केले जाते. निर्दोष सालीच्या मण्यात अवशेष सामान्यतः कमी राहतो आणि त्याचे हळूहळू निरुपद्रवी सल्फेटमध्ये रूपांतर होते, परंतु चिरलेल्या मण्यांचे प्रमाण अधिक असलेल्या पेटीत सरासरी मर्यादेबाहेर जाऊ शकते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अवशेषामुळे भारतीय द्राक्षांना युरोपात जो फटका बसला, तो बागायतदारांच्या स्मरणात आहे; कायद्याच्या दृष्टीने हा वायूही तितकाच गंभीर विषय मानावा. युरोपीय संघाच्या २००९ मधील ४५० क्रमांकाच्या नियमानुसार खाण्याची वस्तू समजली जाऊ शकेल अशा सक्रिय वेष्टनाच्या भागावर तो खाऊ नये अशी सूचना किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत असावी लागते, तेव्हा कागद विकत घेताना ती छपाई तपासून घ्यावी.

असा कागद असलेली पेटी घरी आली तर ती खेळत्या हवेत उघडावी, कागद लगेच काढून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकावा, आणि तो इतर फळांसाठी किंवा भाज्यांसाठी पुन्हा वापरू नये. द्राक्षे हा वायू जसा सोसतात तसा बहुतेक फळे व पालेभाज्या सोसत नाहीत. द्राक्षे न धुता फ्रीजमध्ये ठेवावीत, खाण्याच्या वेळीच वाहत्या पाण्याखाली धुवावीत, आणि घरात सल्फाइटची संवेदनशीलता असलेली व्यक्ती असल्यास फिकट डागांचे मणी तिला देऊ नयेत.

सल्फर डायऑक्साइडला पर्याय शोधण्याचे काम अनेक देशांत चालू आहे, कारण सेंद्रिय प्रमाणपत्राच्या बहुतेक व्यवस्थांत हा कागद चालत नाही. अल्कोहोलची वाफ सोडणाऱ्या पुड्या, ओझोन, कार्बन डायऑक्साइडचे वाढवलेले प्रमाण, मोहरीतील झणझणीत घटकाची वाफ आणि कायटोसानचा लेप यांचे प्रयोग झाले आहेत. त्यांपैकी काहींनी मर्यादित यश दिले असले तरी दीर्घ सागरी प्रवासात स्वस्त, सोपा आणि सर्व फटींत पोहोचणारा असा पूर्ण पर्याय अजून रूढ झालेला नाही. त्यामुळे विक्रेत्याने नवा कागद किंवा नवी पुडी आणली, तर पूर्ण कंटेनरवर तिचा प्रयोग करू नये. एकाच बागेतील, एकाच दिवशी काढलेला माल घेऊन त्यातील निम्म्या पेट्यांत नेहमीचा व निम्म्यांत नवा कागद घालावा, दोन्ही शीतगृहाच्या एकाच फळीवर ठेवाव्यात, प्रवासाला लागणारे दिवस पूर्ण झाल्यावर त्या उघडून कूज, डाग, देठाचा रंग व गळालेले मणी यांचे वजन वेगवेगळे करावे, आणि मग आणखी तीन दिवस त्या पेट्या दुकानातल्यासारख्या उघड्या, थंडीबाहेर ठेवून पुन्हा तेच मोजमाप घ्यावे. दोन्ही वेळची वजने आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अवशेष-अहवाल हाती आल्यावर नव्या कागदाची मागणी नोंदवावी.